काळी पडलेली ज्वारी

अमरावतीहून नागपूरकडे निघालेला हमरस्ता मोझरीचें गुरुकुंज मागें टाकून तिवसा गांवास येतो आणि तेथून पुढें वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळतो. ह्या पट्ट्यांतील जमीन काळी, खोल व ओल धरून ठेवणारी. आज भाद्रपदांत ह्या रस्त्यानें जाणाऱ्यास दोन्ही बाजूंस सोयाबीन, तूर व कपाशी दिसते. ज्वारीचें शेत दिसलें तर तें विशेष. तीन पिढ्यांपूर्वीं स्थिति अशी नव्हती. वऱ्हाड हा कपाशीचा प्रांत म्हणून जगाच्या बाजारांत गाजला हें खरें, परंतु ह्या प्रांताचें पोट कपाशीवर भरत नसे. कपाशीनें सावकार व सरकार ह्यांचें देणें भागे. घरची भाकर, गड्याचें धान्य आणि बैलाचा कडबा हीं तिन्ही ज्वारीच्या एकाच धांड्यावर अवलंबून असत. पेवांत ज्वारी असली म्हणजे कुणबी निर्धास्त असे.

ही ज्वारी खरिपांतून कां गेली ह्याचीं कारणें पुष्कळ सांगितलीं जातात: भाव, मजुरी, पांखरें, रानडुकरें, आणि सोयाबीनसारखें रोख पीक. तीं सर्व खरीं आहेत. तथापि एक कारण बाजाराच्या चर्चेंत क्वचितच येतें, कारण तें बाजारांत घडत नाहीं. फूल उमलल्यापासून दाणा पक्व होईपर्यंतच्या सुमारें पांच-सहा आठवड्यांत, तुसाच्या आंत, डोळ्यांस न दिसतां तें घडतें. त्याचा इतिहास वऱ्हाडच्या गेल्या शंभर वर्षांच्या शेतीचाच इतिहास आहे.

जुन्या वऱ्हाडी ज्वाऱ्या दीर्घ मुदतीच्या होत्या. सावनेर, रामकेल, गणेरी, मोतीतुरा हीं नांवें जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडीं असत. मृग-आर्द्रांत पेरलेली ज्वारी पुरुष-दीड पुरुष उंच वाढे, आणि तरीही आश्विनापर्यंत कणसाचा पत्ता नसे. नव्या शिक्षणाच्या माणसास हा आळशीपणा वाटला तर नवल नाहीं. पांच पांच महिने जमीन अडवून ठेवणारें पीक हिशेबी मनास पटत नाहीं. परंतु ह्या विलंबांत एक गणित होतें. ज्वारी ही लहान होत जाणारा दिवस ओळखणारी वनस्पति आहे. रात्र ठराविक मर्यादेपलीकडे लांबल्यावांचून जुनी ज्वारी पोटरींत येतच नसे. त्यामुळें पेरणी पंधरा दिवस मागेंपुढें झाली तरी निसवण्याचा सुमार फारसा बदलत नसे. हस्ताचा पाऊस ओसरे, चित्रांत फुलोरा उरके, आणि स्वातीच्या निरभ्र आकाशाखालीं दाणा दुधांतून हुरड्यांत व हुरड्यांतून पक्वतेंत जाई. त्या वेळीं पिकास लागणारें पाणी आकाशांतून येत नसे. तें काळ्या जमिनीनें आधींच सांठवून ठेवलेलें असे. खालीं ओल आणि वर ऊन अशा स्थितींत दाणा भरे, व म्हणून तो मोत्यासारखा निघे.

हें गणित कोणी एका पुरुषानें मांडलेलें नव्हतें. ज्या वर्षीं कांहीं धाटें लवकर निसवत त्या वर्षीं त्यांचे दाणे पावसांत सांपडून डागळत. बियाण्यासाठीं कणसें निवडतांना अशीं कणसें आपोआप बाजूस पडत. शेंकडों वर्षांच्या ह्या निवडीनें प्रत्येक भागाची ज्वारी त्या भागाच्या पावसाच्या अखेरीशीं जुळून गेली होती. एका भागाचें बियाणें दूरच्या भागांत नेलें तर तें पुष्कळदां फसे, त्याचें एक कारण हेंच होय.

जुन्या ज्वारीस बुरशी लागतच नसे असें मात्र नव्हे. तिचा खरा शत्रु काणी होता. दाणेकाणींत कणसावर दाण्याच्या जागीं करड्या रंगाची लहानशी पिशवी दिसते. ती फोडली कीं आंतून काळी भुकटी उडते. ही भुकटी म्हणजे बुरशीचें बीज. मळणींत तें निरोगी दाण्यांवर बसतें, पुढच्या वर्षीं पेरणीबरोबर मातींत जातें, कोंभ फुटतांना कोंभांत शिरतें आणि चार-पांच महिने झाडाच्या शेंड्यांत निमूटपणें वाढत राहून कणसांत प्रगट होतें. मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी हे तिचे आणखी तीन प्रकार. पुण्याच्या कृषिखात्यांतील कुळकर्णी ह्यांनीं मुंबई इलाख्यांतील ज्वारीच्या काणीवर लिहिलेली पुस्तिका १९१८ सालीं पुसा येथील संस्थेनें प्रसिद्ध केली. त्याच सालीं बटलर ह्यांचा वनस्पतिरोगांवरील मोठा ग्रंथ बाहेर पडला. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनेंही नागपुरास स्वतंत्र कवकशास्त्रज्ञ नेमला. जहांगीर फर्दुनजी दस्तूर ह्यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञानें तें काम पाहिलें.

दाणेकाणीवर उपाय सोपा निघाला. रोगाचें बीज बियाण्याच्या सालीवर बाहेरूनच बसलेलें असल्यामुळें मोरचुदाच्या पाण्यांत बी भिजवून किंवा गंधकाची भुकटी चोळून पेरलें कीं काम होई. एका कुटुंबाच्या पेरणीस पुरेल इतकी पुडी चार पैशांच्या खर्चांत मिळे. सरकारी शेतीखात्याच्या ज्या थोड्या गोष्टी वऱ्हाडी कुणब्यानें मनापासून स्वीकारल्या त्यांत ही एक होती. ह्या यशाचा एक तोटाही झाला. बुरशी म्हणजे बियाण्याचा दोष आणि औषध म्हणजे बियाण्याचा संस्कार अशी समजूत दृढ झाली. पुढें जी बुरशी आली ती बियाण्यांतून आली नव्हती, आणि तिच्यावर पुडी चालली नाहीं.

ती आली १९६४ नंतर. त्या सालीं सी.एस.एच. १ हा भारतांतील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसृत झाला. त्यामागचा शोध अमेरिकेंतील टेक्सासचा. ज्याच्या कणसांत परागच धरत नाहीं अशी ज्वारी तेथें १९५४ सालीं हातीं आली होती, व त्यामुळें दोन वाणांचा संकर मोठ्या प्रमाणावर करणें शक्य झालें. सी.एस.एच. १ चा मातृपक्ष 'कंबाइन काफिर ६०' हा अमेरिकन वाण होता. धाट बुटकें, कणीस भरदार, मुदत अवघी शंभर दिवसांच्या आसपास, आणि विशेष म्हणजे दिवस लहान होवो वा मोठा, ठरलेल्या दिवसांनीं फुलणारें हें पीक होतें. देश त्या वेळीं परदेशच्या गलबतांची वाट पाहत होता. १९६५–६६ चा अवर्षणकाळ डोळ्यांसमोर होता. पाऊस लवकर संपला तरी हातीं येणारें व जुन्या ज्वारीपेक्षां कितीतरी अधिक उतारा देणारें पीक शास्त्रज्ञांनीं दिलें ह्यांत त्यांचें श्रेय मोठें आहे, आणि आज मागाहून शहाणें होऊन त्यांस दोष देणें उचित नाहीं. अवर्षणाच्या सालीं ह्याच संकरित ज्वारीनें अनेक घरें तारलीं.

परंतु हिशेब उघड होता. आषाढाच्या प्रारंभीं पेरलेलें शंभर दिवसांचें पीक भाद्रपदांत फुलतें आणि आश्विनाच्या आरंभीं पिकतें. म्हणजे फुलोरा पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत व पक्वता हस्तांत. जुन्या ज्वारीनें जो पाऊस टाळण्यासाठीं पांच महिने काढले त्याच पावसाच्या तोंडांत नवें पीक दाणा घेऊन उभें राहिलें. ज्या वर्षीं सप्टेंबर कोरडा गेला त्या वर्षीं खळें पांढरें. ज्या वर्षीं परतीचा पाऊस आठ-दहा दिवस रेंगाळला त्या वर्षीं तेंच खळें काळें. बाजारांत अशा ज्वारीचा भाव कोसळे. घरीं तिची भाकर कडवट, चिकटपणा गेलेली, थापतांना तुटणारी होई. मराठींत 'हायब्रीड' हा शब्द दिसावयास मोठें पण आंतून निःसत्त्व अशा कोणत्याही वस्तूस, आणि पुढें माणसांसही, लावला जाऊं लागला. एका पिकाच्या नशिबीं एवढी अपकीर्ति क्वचितच आली असेल.

आतां दाण्याकडे पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, काळेपणा हा रोगाचा शेवट आहे, आरंभ नव्हे. बराच काळ समजूत अशी होती कीं पिकलेला दाणा पावसांत भिजला म्हणजे त्यावर बुरशी चढते, जशी ती ओल्या चामड्यावर चढते. हें अंशतः खरें आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसलें तें निराळें. फूल उमललें कीं त्याचे पुंकेसर, फूल उघडणाऱ्या बारीक गाद्या, आंतलें कोवळें आवरण ह्यांचें काम संपतें आणि तीं सुकूं लागतात. वाऱ्यावर तरंगणाऱ्या बुरशीचें बीज प्रथम ह्या मरत्या भागांवर रुजतें. तेथून तिचे तंतु दाण्याच्या तळाशीं, जेथें तो देठास जोडलेला असतो तेथें, पोंचतात आणि सालींत शिरतात. हें सर्व दाणा दुधांत येण्याच्याही आधीं होऊं शकतें. शेतकरी कणीस पाहतो तेव्हां तें हिरवें-पांढरें व निरोगी दिसत असतें.

ह्या बुरश्याही एक नाहींत. फ्यूझेरियम जातीची बुरशी गुलाबी-पांढरी, कापसासारखी. कर्व्ह्युलॅरिया जातीची काळी, मखमली, चकचकीत. अल्टर्नेरिया, फोमा वगैरे दुसऱ्याही कित्येक त्यांत असतात. खळ्यावर जो काळेपणा डोळ्यांत भरतो तो बहुधा कर्व्ह्युलॅरियाचा असतो. फ्यूझेरियमचा गुलाबी पांढुरकेपणा पांढऱ्या दाण्यावर तितका उठून दिसत नाहीं. आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें अधिक भय तिच्याचपासून आहे.

दाणा हें सर्व मुकाट्यानें सोसतो काय? नाहीं. दाणा ही निर्जीव वस्तु नव्हे; पक्व होईपर्यंत तो झाडाचें जिवंत अंग आहे, आणि त्याचा बंदोबस्त थराथरांनीं केलेला आहे. सर्वांत बाहेर तूस. त्याच्या आंत साल. ज्वारीचें वैशिष्ट्य असें कीं, तिच्या सालीच्या मधल्या थरांतही पिठाचे कण असतात, जे इतर तृणधान्यांत सहसा आढळत नाहींत. हा थर जाड असला तर दाणा खडूसारखा पांढरा दिसतो, उखळांत चटकन सोलतो, आणि बुरशीसही आयतें खाद्य मिळतें. थर पातळ असला तर दाणा मोत्यासारखा चमकतो. कांहीं जातींत सालीच्या खालीं तुरट द्रव्याचा तपकिरी पदर असतो. त्याच्या आंत दाण्याचा गाभा, ज्याचा बाहेरचा भाग कांचेसारखा कठीण व आंतला मऊ पिठूळ. कठीण भाग जितका अधिक तितकी बुरशीची वाट बिकट.

ह्या भिंतींखेरीज दाण्यापाशीं शस्त्रेंही आहेत. टेक्सास येथील शास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ज्वारीच्या दाण्यांतील बुरशीनाशक प्रथिनें मोजलीं. बुरशीच्या पेशीभित्तिकेंत कायटिन नांवाचें द्रव्य असतें, तेंच जें किड्यांच्या कवचांत असतें. दाण्यांतील एक प्रथिन हें कायटिन तोडतें, दुसरें त्याच भित्तिकेंतील ग्लुकन तोडतें, सॉरमॅटिन नांवाचें तिसरें बुरशीच्या पेशीचा पडदा सच्छिद्र करतें, आणि चौथें तिची प्रथिनें बनविण्याची यंत्रणाच बंद पाडतें. दाणा भरूं लागला कीं हीं प्रथिनें वाढत जातात व पक्वतेच्या सुमारास तीं भरपूर असतात. पुढें दाणा वाळूं लागला म्हणजे तीं हाताशीं येण्याजोगीं राहत नाहींत, आणि पाऊस लागून राहिला तर कांहीं अंशीं चक्क धुऊन जातात. प्रतिकारक्षम वाण व दुर्बल वाण ह्यांतील भेद येथें स्पष्ट होतो. बुरशीचा स्पर्श झाला असतां प्रतिकारक्षम वाणाच्या दाण्यांत हीं प्रथिनें टिकून राहतात किंवा वाढतात. दुर्बल वाणांत तीं घटत जातात.

रंग हें आणखी एक शस्त्र. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत स्नायडर व निकल्सन ह्यांनीं १९९० सालीं ज्वारीच्या कोवळ्या पानांत एक विलक्षण दृश्य पाहिलें. बुरशी पेशीवर चढूं लागली कीं त्या पेशींत रंगीत द्रव्याचे बारीक थेंब तयार होत. ते हल्ल्याच्या जागेकडे सरकत, तेथें फुटत, आणि बुरशीस मारतांना ती पेशी स्वतःही मरे. शेजारच्या पेशी मात्र वाचत. हें तांबडें-नारिंगी द्रव्य ज्या कुळांतील आहे त्याच कुळांतील रंग व त्यांचे जवळचे आप्त तांबड्या ज्वारीच्या सालींत असतात, आणि तांबडी ज्वारी पुष्कळदां पांढरीपेक्षां बुरशीस अधिक दाद देत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत परदेशची तांबडी 'मिलो' स्वस्त धान्याच्या दुकानांतून महाराष्ट्राच्या घरोघर गेली व सर्वत्र नापसंत झाली. मराठी गृहिणीनें ज्या रंगास नाक मुरडलें तो रंग धान्याच्या दृष्टीनें चिलखत होता. तुरट पदराचेंही तसेंच. तो असलेली ज्वारी पांखरें खात नाहींत, बुरशी तिच्यापुढें हतबल होते, आणि माणूसही ती भाकर दूर सारतो. पांढरी, गोड, मऊ भाकर हवी म्हणून पिढ्यानपिढ्या निवडलेल्या ज्वारीनें आपलीं बहुतेक शस्त्रें माणसाच्या जिभेसाठीं खालीं ठेवलीं होतीं. जुन्या वऱ्हाडी पद्धतींत हें खपून जाई, कारण तेथें संरक्षण दाणा करीत नसे, पंचांग करी.

फुलल्यापासून सुमारें पांच-सहा आठवड्यांनीं दाण्याच्या तळाशीं, देठाच्या जागीं, एक काळा ठिपका दिसूं लागतो. हा काळेपणा रोगाचा नव्हे. झाडांतून दाण्याकडे अन्न नेणारा मार्ग तेथें बंद झाल्याची ती खूण आहे. बालकाची नाळ कापावी तसें हें होतें. ह्या क्षणीं दाण्याचें वजन पूर्ण झालेलें असतें, परंतु त्यांत अजून शेंकडा तीसच्या आसपास पाणी असतें. येथून पुढें दाण्यास झाडाकडून कांहींही मिळत नाहीं. ऊन पडलें तर तो आठ-पंधरा दिवसांत वाळून सुरक्षित होतो; झड लागली तर जी बुरशी आजवर सालींत दबून होती ती गाभ्यांत उतरते, कोंब मारते, पीठ पोखरते. कधीं कधीं तर कणसांतच दाण्यास मोड येतात. असा दाणा वजनास हलका, दळतांना भुसभुशीत आणि पेरणीस निरुपयोगी होतो.

पैशाचा तोटा एकवेळ सहन होतो. अधिक गंभीर गोष्ट पुढें उघडकीस आली. फ्यूझेरियम बुरशी फ्युमोनिसिन नांवाचें विष तयार करते हें १९८८ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. सात वर्षांनीं, १९९५ सालीं, दख्खनच्या पठारावरील कांहीं खेड्यांत पोटांत कळा, गुरगुर व जुलाब ह्यांची साथ उद्भवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या रमेश भट प्रभृति शास्त्रज्ञांनीं तपास केला तेव्हां असें आढळलें कीं, अवकाळी पावसांत भिजून बुरसटलेली ज्वारी व मका ज्या घरांत खाल्लीं गेलीं त्याच घरांत हा विकार होता, आणि त्या धान्यांत फ्युमोनिसिन होतें. चांगलें धान्य विकत घेण्याची ज्यांस ऐपत होती त्यांनीं काळा दाणा गुरांस घातला किंवा विकून टाकला. ज्यांस ती नव्हती त्यांनीं तो दळला. ही गोष्ट वऱ्हाडच्या संदर्भांत विसरण्यासारखी नाहीं. शेतमजुराची मजुरी पुष्कळ काळ धान्यांत दिली जाई, आणि त्याच्या पदरांत कोणतें धान्य पडे हें सांगावयास नको. नुसत्या रंगावरून पारख करणेंही येथें धोक्याचें, कारण वर म्हटल्याप्रमाणें विष करणारी बुरशी काळी नसून फिकी आहे.

उपायांचा शोध बराच लांबला. १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ स्थापन झालें व त्यास अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचें नांव देण्यांत आलें. १९७२ सालीं हैदराबादजवळ पाटनचेरू येथें कोरडवाहू पिकांसाठीं आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तेथील शास्त्रज्ञांनीं वाणांची परीक्षा घेण्यासाठीं जी युक्ति योजिली ती मौजेची आहे: फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंत, ज्या दिवशीं पाऊस नसेल त्या दिवशीं, कणसांवर तुषार उडवून मुद्दाम झड निर्माण करावयाची. जो वाण ह्यांत पांढरा राहील तोच खरा. हजारों वाण असे भिजवले गेले. तगले ते बहुतेक तांबडे-तपकिरी. पांढऱ्यांत तगणारे थोडे, आणि ते कठीण दाण्याचे. १९९२ सालीं ह्या संस्थेनें आशिया व आफ्रिका मिळून ह्या रोगानें होणारें वार्षिक नुकसान तेरा कोटी डॉलर धरलें होतें. पुढें परभणी येथून 'परभणी श्वेता' हा बुरशीस बराच दाद न देणारा पांढरा वाण २००० च्या सुमारास बाहेर पडला. अकोल्यानेंही आपले संकर दिले. पूर्ण अभेद्य असा पांढरा, गोड वाण मात्र कोणासच साधला नाहीं, आणि ज्या गुणांनीं अभेद्यता येते ते पाहतां तो सहज साधेल असेंही नाहीं.

शेतकऱ्यास जो व्यावहारिक उपदेश केला गेला तो असा कीं, दाण्याच्या तळाशीं काळा ठिपका दिसतांच, दाणा ओलसर असतांनाच, कणसें कापून घरीं आणावीं व वाळवावीं. शास्त्रदृष्ट्या हा उपदेश निर्दोष आहे. पण जो पाऊस शेतांत आहे तोच अंगणांतही असतो. चार-पांच एकरांचीं ओलीं कणसें पसरण्यास कोरडी जागा कोणाच्या घरीं आहे, ह्या प्रश्नाचें उत्तर उपदेश करणारांपाशीं नव्हतें.

पश्चिम आफ्रिकेंतील उदाहरण येथें मनोरंजक होईल. तेथें पाऊस अधिक व लांब, आणि पांढरी ज्वारी तर सर्वांस हवी. तेथील गिनी जातीच्या ज्वारीचें कणीस मोकळें, वाऱ्यावर झुलणारें असतें. दाणा पिकूं लागला कीं तूस उघडतें, दाणा त्यांत कडेवर वळतो, आणि पाणी निथळून जातें. दाणा गारेसारखा कठीण. म्हणजे एकाच संकटावर दोन खंडांतील शेतकऱ्यांनीं दोन मार्ग काढले. आफ्रिकेच्या त्या भागानें दाण्याचा व कणसाचा घाट बदलला. वऱ्हाडानें वेळ बदलली. १९६४ नंतर वऱ्हाडाची वेळ गेली आणि घाट मात्र दाट कणसाचा, मऊ दाण्याचा राहिला.

त्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. काळ्या ज्वारीस माणसाच्या ताटांत जागा उरली नाहीं तेव्हां ती कोंबड्यांच्या खाद्यांत व मद्याच्या भट्टीकडे वळली. २००७ सालीं महाराष्ट्र शासनानें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अर्थसाहाय्य देऊं केलें, त्या वेळीं खराब ज्वारीस गिऱ्हाईक मिळेल हा मुद्दा पुढें करण्यांत आला, आणि अन्नाची दारू करावी काय ह्यावर मोठा वाद माजला. तोंवर खरिपांतील ज्वारीचें क्षेत्र ओसरूं लागलेंच होतें. बुटक्या धाटाचा कडबा थोडा, दाणा बेभरंवशाचा, आणि त्याच जमिनींत सोयाबीन तितक्याच दिवसांत रोख पैसा देतें म्हटल्यावर कुणब्यास दोष देतां येत नाहीं. कडबा गेला तसे बैलही कमी झाले. तिकडे पश्चिम महाराष्ट्रांत रब्बीची मालदांडी, जी कोरड्या थंडींत पिकते आणि जिला हा रोग ठाऊकच नाहीं, ती आपल्या जागीं टिकून राहिली. अमरावतीच्या घरांतील भाकरही आतां पुष्कळदां त्याच ज्वारीची असते.

अलीकडे वऱ्हाडांतील ज्यांच्या विहिरींस पाणी आहे ते शेतकरी ज्वारी उन्हाळी पीक म्हणून घेऊं लागले आहेत. माघाच्या सुमारास पेरणी आणि वैशाखांत कापणी. दाणा रणरणत्या उन्हांत भरतो व पांढरा शुभ्र निघतो. कडबाही हिरव्या चाऱ्याच्या टंचाईच्या ऐन वेळीं हातीं येतो. वळवाचा पाऊस कापणीपूर्वीं आला तर मात्र कणसें दोन दिवसांत काळवंडतात, म्हणून अशा शेतांवर वैशाखाच्या उत्तरार्धांत संध्याकाळच्या वेळीं नैर्ऋत्येकडे पाहणारा कुणबी हटकून दिसतो.